वॉर्डातले प्रश्न: सिस्टर आणि ब्रदर मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात ते

नर्सच्या नोकरीतली निम्मी वर्षं सरकारी वॉर्डात गेली, निम्मी खासगीत. शिकवलेल्या मुली-मुलांचे फोन अजून येतात, बहुतेक रात्री दहानंतर, कारण तेव्हा राउंड संपलेला असतो. तेच ते प्रश्न असतात, म्हणून एकदाचे एकत्र लिहून काढले. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. बारावी झाली. एएनएम, जीएनएम की बीएस्सी नर्सिंग?

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) २ वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) ३ वर्षांचं, बीएस्सी ४ वर्षांचं. पहिल्या दोन्हींना कुठल्याही शाखेची बारावी चालते. बीएस्सीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं आणि सीईटी द्यावी लागते. एएनएमचं काम मुख्यतः उपकेंद्र, लसीकरण, गरोदर बायका आणि बाळंतपणं यांचं. मोठ्या रुग्णालयात वॉर्ड सांभाळायचा असेल तर जीएनएमपासून पुढे. परदेशाचा विचार असेल तर एएनएमवर थांबू नका (प्र. १६).

घरची परिस्थिती बेताची असेल तर जीएनएम करून नोकरी धरा आणि नंतर २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करा. माझ्या बॅचच्या अर्ध्या मुली याच वाटेने गेल्या, कुणाचं काही अडलं नाही. प्रवेशाआधी एकच गोष्ट तपासा: कॉलेजला मान्यता आहे का, आणि त्याच्याशी जोडलेल्या रुग्णालयात खरंच पेशंट असतात का. सकाळी ११ वाजता वॉर्डात डोकावून या. रिकाम्या खाटा असतील तर तिथे तुम्ही फक्त वह्या भराल.

२. निकाल लागला, पण कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं नाही. जॉइन होऊ का?

नर्स म्हणून नको. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय तुम्ही कायद्याच्या नजरेत नर्स नाही. काही ठिकाणी ‘ट्रेनी’ म्हणून घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात एकटीला नाइट लावतात. त्या रात्री काही घडलं तर चार्टवर सही तुमची असते.

नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सततच्या शिक्षणाचे तास लागतात. कार्यशाळेची प्रमाणपत्रं एका फाइलला लावत चला. मुदत संपायच्या आदल्या महिन्यात कपाटं उपसणाऱ्या सिस्टर मी खूप पाहिल्या आहेत, त्यांत एकदा मीही होते.

३. खासगीत नर्सला पगार किती मिळायला हवा?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली. तिने सुचवलं ते असं: २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, १०० पेक्षा जास्त खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली नाही.

या शिफारशी आहेत, त्यामुळे ‘मॅडम, आकडा दाखवला तर मॅनेजर हसतो’ हे मीही ऐकलं आहे. तरी मुलाखतीत आकडा माहीत असलेला बरा, निदान आपण काय सोडून देतोय ते कळतं. पगार स्लिपवर मागा. हातात रोख आणि कागदावर काही नाही अशी नोकरी दोन वर्षं केलीत तरी उद्या ती कुठे दाखवता येत नाही. पगार २१,००० पर्यंत असेल आणि रुग्णालय योजनेखाली येत असेल तर ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड मिळालं पाहिजे. आपणच दवाखान्यात काम करायचं आणि आपल्याच अपेंडिक्सच्या ऑपरेशनला कर्ज काढायचं, हे चित्र मी जवळून पाहिलंय.

४. जॉइन होताना मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. आता सोडायचं म्हटलं तर ५०,००० मागतात.

मूळ कागद तुमची मालमत्ता आहेत. मालकाने ते बघायचे, झेरॉक्स घ्यायची, परत द्यायचे. आधीच देऊन बसला असाल तर तोंडी भांडू नका. ठरलेल्या नोटीस मुदतीसह लेखी राजीनामा द्या, प्रतीवर पोच घ्या, त्याच पत्रात कागद परत मागा. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण कागद अडवले हे लेखी यायला कुणालाच नको असतं. नाही मिटलं तर पुढची पायरी कामगार कार्यालय आणि पोलीस ठाणं.

अनुभवाचा दाखला मात्र निघायच्या शेवटच्या दिवशीच घ्या. नंतर नंबर ब्लॉक होतात.

५. रात्री ३५ पेशंट आणि मी एकटी. काही नियम आहे की नाही?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ पेशंटमागे १ नर्स, साध्या रुग्णालयात ५ मागे १, अतिदक्षता विभागात १ ला १, शिवाय रजा धरून ३० टक्के जादा पदं. हे वाचून हसू आलं ना? येणारच.

तरी ३५ चा वॉर्ड एकटीवर पडला तर पहिल्या अर्ध्या तासात सगळ्या खाटांवरून एक चक्कर मारा आणि मनात तीन गट करा: ज्यांच्यावर दर तासाला नजर हवी, ज्यांना औषधापुरतं भेटायचं, आणि ज्यांना फक्त झोप हवी. पहिल्या गटातले शक्यतो टेबलाजवळच्या खाटांवर आणा. मामा (वॉर्डबॉय) आणि मावशी (आया) असतील तर हे दहा मिनिटांचं काम आहे. मग सुपरवायझरला फोन करा आणि रजिस्टरमध्ये लिहा: ‘रात्री ९.२०, एकूण पेशंट ३५, गंभीर ४, नर्स १, सुपरवायझरना कळवले.’ एवढी एक ओळ. मदत येईलच असं नाही, बऱ्याचदा येत नाही. पण सकाळी ‘तुम्ही सांगितलंच नाही’ हे वाक्य कुणाला म्हणता येत नाही. वर्षभर अशा ओळी साठल्या की मेट्रनलाही (मुख्य परिचारिकेलाही) वर पदं मागायला आधार मिळतो.

६. रिलीव्हर (पुढच्या पाळीची नर्स) आलीच नाही. माझे १२ तास झाले. जाऊ का घरी?

ओव्हर न देता, म्हणजे पुढच्या नर्सला पेशंट समजावून सोपवल्याशिवाय, वॉर्ड सोडू नका. तुमचं मूल घरी तापाने फणफणलेलं असेल तरी आधी इन्चार्जला फोन, मग सुपरवायझरला, आणि दोन्ही फोनची वेळ रजिस्टरमध्ये. कुणी तरी नोंदणीकृत नर्स ओव्हर घेईपर्यंत पेशंट तुमचे. मामाकडे किंवा विद्यार्थिनीकडे किल्ल्या देऊन जाणं म्हणजे सोडून जाणंच.

जादा तासांचा बदली ऑफ त्याच आठवड्यात लेखी मागा. दरवेळी तुम्हालाच थांबवत असतील तर मागच्या तीन महिन्यांच्या तारखा एका कागदावर लिहून द्या. ‘नेहमीच होतं’ म्हटलं की कुणी ऐकत नाही, ‘११ वेळा’ म्हटलं की ऐकतात.

७. ओव्हर घेताना नेमकं काय बघायचं? सगळ्या घाईत असतात.

टेबलाशी उभं राहून घेतलेला ओव्हर हा अर्धा ओव्हर. खाटेपाशी जा. सलाईन किती उरलं, कोणत्या वेगाने, सुईची जागा लाल किंवा सुजलेली आहे का, लघवीच्या पिशवीत किती आणि कोणत्या रंगाची, ड्रेनमध्ये काय, पाठीला जखम आहे का. पाठ बघायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. तुम्ही सकाळी बघितली नाही आणि दुपारी बेडसोअर दिसला, तर तो तुमच्याच पाळीत झाला असं धरलं जाणार.

क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषधांची आणि साधनांची गाडी) मोजूनच सही करा. अॅड्रेनलिनचे अँप्यूल, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा. एकदा मी ‘पूर्ण’ असं वाचून सही केली होती आणि दीड तासाने सक्शनची नळीच नव्हती. पेशंट वाचला. ती सही मात्र मला अजून आठवते.

८. डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात आणि सकाळी म्हणतात, मी असं बोललोच नाही.

या एका प्रश्नाचे फोन मला सगळ्यात जास्त येतात.

फोनवरची ऑर्डर अडचणीच्या वेळीच घ्या. ऐकताऐकता लिहा, मग वाचून दाखवा: औषध, डोस, मार्ग, किती वेळा. ‘फिफ्टीन की फिफ्टी?’ हे विचारायला लाजू नका, फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. लिहिताना तारीख, वेळ, डॉक्टरांचं नाव, ‘फोनवरून’, आणि तुमची सही. जोखमीचं औषध असेल तर स्पीकरवर दुसऱ्या नर्सलाही ऐकवा आणि तिचीही सही घ्या. पुढच्या राउंडला डॉक्टर आले की चहाआधी तेवढी सही मागा.

व्हॉट्सअॅपवर आलेली ऑर्डर ठेवा, पण मोबाइलमधला फोटो म्हणजे केस पेपर नव्हे. ती कागदावर उतरलीच पाहिजे.

ऑर्डर चुकीची वाटली तर? ‘सर, पेशंटचं बीपी ८० आहे, तरी देऊ?’ असं आकडा सांगून विचारा. तरी ‘द्या’ म्हणाले आणि तुमचं मन घेत नसेल तर देऊ नका. वरिष्ठांना कळवा आणि तसं लिहा. पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल सरळ शिरेत ढकला असं साक्षात डीनने सांगितलं तरी ते ढकलायचं नसतं. ते पातळ करून, हळूहळू जातं. नाही तर हृदय थांबतं.

९. इन्सुलिनची लाल टोपीची आणि नारिंगी टोपीची सिरिंज, कुठलीही चालते का?

नाही. लाल टोपी ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या बाटलीसाठी, नारिंगी टोपी १०० युनिटवाल्यासाठी. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० च्या, पेन आणि काही महागडी इन्सुलिनं १०० ची. दोन्ही एकाच फ्रिजच्या दारात शेजारीशेजारी उभी असतात.

हिशोब करून बघा. ऑर्डर २० युनिट. बाटली १०० ची, सिरिंज लाल टोपीची, तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरलंत. ते झालं अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. पहाटे चार वाजता पेशंट घामाने चिंब आणि बेशुद्ध. उलट केलंत, ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या जागी ८ च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात. त्यामुळे आधी बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचा, मग सिरिंज उचला. डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांनाही हेच दाखवा, घरी हा घोळ वॉर्डपेक्षा जास्त होतो.

१०. माझ्याकडून चुकीचं औषध गेलं. कुणाला कळलेलं नाही. सांगू का?

सांगा. आत्ता, हे वाचता वाचता. आधी पेशंटकडे जा, नाडी, बीपी, श्वास, गरज असेल तर साखर बघा. मग डॉक्टर, मग इन्चार्ज. चार्टवर जे दिलं तेच लिहा. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चूक लिहिली गेली तर एक आडवी रेघ आणि सही. दिलेल्या औषधाचा उतारा वेळेत देता येतो, लपवलेल्याचा देता येत नाही.

इन्चार्ज ओरडेल. मीही ओरडले आहे. पण स्वतःहून येऊन सांगणाऱ्या मुलीवर पुढे विश्वास बसतो, हे इन्चार्जच्या खुर्चीवर बसल्यावर कळलं.

११. सुई टोचली. आता काय?

जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. मग लगेच कॅज्युअल्टी किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं मिळतात ते) गाठा. एचआयव्ही टाळायची औषधं लागतील असं डॉक्टरांनी ठरवलं तर ती शक्यतो २ तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर उपयोग नसतो. कोर्स २८ दिवसांचा. पेशंटचं आणि तुमचं दोघांचं रक्त त्याच दिवशी तपासायला जातं, तुमचं पुन्हा ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी आणि ६ महिन्यांनी.

घाबरलेल्यांसाठी आकडा: एचआयव्ही असलेल्या पेशंटच्या सुईतून लागण व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीची मात्र लस न घेतलेल्याला ३० टक्क्यांपर्यंत. म्हणून त्या लसीचे ०, १, ६ महिन्यांचे तिन्ही डोस घ्या आणि शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. १० किंवा जास्त आल्या तर निश्चिंत राहा.

घटनेची नोंद केल्याशिवाय घरी जाऊ नका. आणि टोपण परत लावायची सवय मोडा, बऱ्याच सुया तिथेच टोचतात. सुई हब कटरमध्ये (सुई कापायच्या यंत्रात), मग पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात.

१२. नातेवाईक अंगावर धावून आले. कायदा आपल्या बाजूने आहे का?

आहे. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे आणि त्यात नर्सही येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई. तक्रार संस्थेने द्यावी असा आग्रह धरा. एकट्या नर्सच्या नावावर गुन्हा नोंदवून तिला कोर्टाच्या फेऱ्या घालायला लावणं हा अन्याय आहे.

पण कायदा दुसऱ्या दिवशी कामाला येतो. त्या क्षणी दार आपल्या पाठीमागे ठेवा, नातेवाइकांच्या पाठीमागे नको. हुज्जत घालू नका, ‘मी डॉक्टरांना बोलावते’ म्हणत बाहेर पडा. माझा अनुभव असा की मारामारी होण्याआधी दोन तास कुणी तरी चार वेळा ‘आमचा पेशंट कसा आहे?’ विचारून गेलेलं असतं आणि कुणी धड उत्तर दिलेलं नसतं.

१३. सीनियर, डॉक्टर किंवा पेशंटच घाणेरडं बोलतो, हात लावतो.

१० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. त्याहून लहान दवाखान्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार. चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते. त्रास देणारा पेशंट किंवा नातेवाईक असला तरी रुग्णालयाने तुम्हाला मदत करायची आहे.

तुमच्याकडे कपडे बदलायची खोली कुठे आहे? तिला आतून कडी आहे का? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला तेव्हा त्या कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत तिथल्या नर्सच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. पन्नास वर्षं उलटली, आणि मी पाहिलेल्या एका नव्याकोऱ्या इमारतीतही नर्सची चेंजिंग रूम जिन्याखालीच होती.

१४. गरोदर आहे. रजा किती, आणि वॉर्डात काय टाळू?

खासगीत कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, तिसऱ्याला १२. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. राज्य सरकारी नोकरीत १८० दिवस. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. ‘आधी राजीनामा दे, नंतर पुन्हा घेऊ’ याला हो म्हणू नका, तिथे हक्क तुटतो.

वॉर्डात केमोथेरपीची औषधं मिसळणं, पोर्टेबल एक्स-रेच्या वेळी पेशंट धरणं, कांजिण्यांच्या पेशंटजवळ जाणं टाळा. त्यासाठी बातमी इन्चार्जला लवकर सांगावी लागते. तीन महिने लपवायची आपली रीत इथे उपयोगाची नाही.

१५. शेजारीपाजारी म्हणतात, ‘ताई, घरी येऊन एक सलाईन लाव ना.’

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही, सख्ख्या मावशीला सुद्धा. अशक्तपणासाठी ‘बाटली’ लावतात त्या अर्ध्या लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ४.५ ग्रॅम मीठ असतं. बीपी आणि हृदयाच्या पेशंटला ते महागात पडतं. ‘ग्लुकोजची’ म्हणतात तिच्यात २५ ग्रॅम साखर, आणि आजोबांना मधुमेह आहे हे तुम्हाला जाताना जिन्यात सांगतात. अँटिबायोटिकचा पहिला डोस तर चिठ्ठी असली तरी घरी देऊ नका. रिअॅक्शन आली तर तिथे अॅड्रेनलिनही नाही आणि ऑक्सिजनही नाही.

नाही म्हटल्यावर ‘फार शिकली’ असं ऐकावं लागतं. ऐका.

१६. एजंट म्हणतो तीन लाख दे, जर्मनीला पाठवतो.

परदेशी नोकरीसाठी परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. त्याचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. भाषेचे वर्ग आणि परीक्षा यांचा खर्च वेगळा, पण तो कशासाठी हे पावतीवर लिहून घ्या.

जर्मनीत पूर्ण नर्स म्हणून मान्यतेला साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते; तोवर सहायकाचं काम आणि सहायकाचाच पगार. ब्रिटनला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग तिथल्या कौन्सिलच्या दोन परीक्षा. अमेरिकेला एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा. आखातात परीक्षेशिवाय तुमचा प्रत्येक अनुभवाचा दाखला पडताळला जातो, तिथे प्र. ४ मधला दाखला सोन्यासारखा. खोटा अनुभव जोडू नका. पडताळणीत सापडलं तर दार कायमचं बंद.

१७. मी ब्रदर आहे. फीमेल वॉर्डात कॅथेटर (लघवीची नळी) घालायची वेळ आली तर?

शक्यतो सिस्टरला बोलवा. कुणीच नसेल आणि निकड असेल तर पेशंटची परवानगी, पडदा, आणि शेजारी मावशी किंवा नातेवाईक बाई. ती कोण होती तेही लिहा. सिस्टरनी पुरुष पेशंटचं करताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण पडदा तिथेही ओढायचाच असतो.

१८. नाइटनंतर झोपच लागत नाही.

घरी जाताना गॉगल लावा, पहाटे तीननंतर चहा नको, खोली काळोखी करा. सलग नाइट संपली की त्या दिवशी दुपारी दोन-तीन तासच झोपा आणि रात्री लवकर आडवे व्हा. हे मी सांगते, कारण ते खरं आहे. घरी सासूबाई दहा वाजता कुकर लावतात आणि गॅसवाला बेल मारतो, हेही खरं आहे. आमच्या एका सिस्टरने दाराबाहेर पाटी लावली होती: ‘नाइट करून आले आहे. दुपारी ३ नंतर या.’ पहिला आठवडा सोसायटीत कुजबुज झाली. मग शेजारीण स्वतःच गॅसवाल्याला थांबवून सिलिंडर आपल्या दारात उतरवून घ्यायला लागली.